गेन्शिन इम्पॅक्ट: वेल्किन मून घ्यावा की थेट क्रिस्टल?

गेन्शिन इम्पॅक्ट या गेममध्ये सुरुवातीला पैसे घालायचेच असतील तर वेल्किन मून, म्हणजे ३० दिवसांचा पासच घे. तो घेताच ३०० जेनेसिस क्रिस्टल (पैशांनी विकत मिळणारं गेममधलं चलन) मिळतात आणि पुढचे ३० दिवस रोज ९० प्रिमोजेम (विशसाठी लागणारं चलन). क्रिस्टल एकास एक प्रिमोजेममध्ये बदलता येतात, म्हणजे एकूण ३०००. एका विशला (पात्र किंवा शस्त्र मिळवायच्या सोडतीला) १६० लागतात, म्हणून महिन्याच्या जवळपास १९ विश होतात. तेवढ्याच किमतीच्या थेट पॅकमध्ये एरवी ३३० क्रिस्टल, म्हणजे जेमतेम दोन विश! पहिल्या खरेदीला दुप्पट मिळतात, तरी ६०० च.

पण मेख इथेच आहे. रोजचे ९० लॉगिन केल्यावरच जमा होतात, चुकलेला दिवस परत मिळत नाही. आशिया सर्व्हरचा दिवस आपल्याकडे रात्री दीड वाजता बदलतो, त्यामुळे बाराच्या ठोक्याला घाबरायचं कारण नाही. परीक्षा किंवा लांबचा प्रवास असेल तर ते आटोपल्यावर वेल्किन घे. त्याचं आपोआप नूतनीकरण होत नाही, संपला की पुन्हा घ्यायचा की नाही हे तुझ्या हातात.

नवे खेळाडू हमखास करतात त्या चुका:
- हवं ते पात्र येईना म्हणून बॅनरच्या (ठरावीक दिवस चालणाऱ्या सोडतीच्या) शेवटच्या रात्री मोठा पॅक घेणं. पंचतारांकित पात्राची खात्री ९० व्या विशला, म्हणजे १४,४०० प्रिमोजेम. आणि तेही बॅनरवरचंच असेल असं नाही. झालेल्या विशची मोजणी त्याच प्रकारच्या पुढच्या बॅनरला धरली जाते, तेव्हा थांबलास तरी काही वाया जात नाही.
- क्रिस्टल आल्याआल्या प्रिमोजेममध्ये बदलणं. ते उलटे फिरत नाहीत, आणि पात्रांच्या पोशाखाला क्रिस्टलच लागतात.

बॅटल पासचा, म्हणजे खेळून बक्षिसं मिळवायच्या दुसऱ्या विकतच्या पासचा, विचार आत्ता नको. आधी एक महिना रोज लॉगिन जमतंय का ते बघ.