अर्जेंटिनातले स्लोव्हेन स्थलांतरित बोलिव्हियनांपेक्षा सुस्थितीत का दिसतात?

संस्कृती किंवा कष्टाळूपणा हे कारण मला अजिबात पटत नाही. आधी काळ आणि कागदपत्रं बघा.

स्लोव्हेन लोक दोन लाटांत आले. पहिली, मुसोलिनीच्या दडपशाहीतून सुटलेल्या, प्रिमोर्स्का या तेव्हा इटलीच्या ताब्यात असलेल्या पश्चिम स्लोव्हेनियातल्या गरिबांची; दुसरी, 1947 नंतर आलेल्या काही हजार कम्युनिस्टविरोधी निर्वासितांची. दुसरीत शिकलेले लोक, पाद्री, शिक्षक होते. अर्जेंटिनाचे तेव्हाचे अध्यक्ष पेरॉन यांच्या सरकारने त्यांना कायदेशीर प्रवेश दिला, उद्योग वाढत होते, पक्की नोकरी मिळे. शनिवारच्या स्लोव्हेन शाळांमुळे भाषाही टिकली.

बोलिव्हियन मात्र आधी उत्तर अर्जेंटिनातल्या हुहुई-साल्ता प्रांतांत ऊसतोडीला हंगामी मजूर म्हणून आले. पुढे राजधानी ब्युनोस आयर्समध्ये बांधकाम, शिवणकाम. अनेकांकडे कागदपत्रं नव्हती, त्यामुळे मालकाची मनमानी सोसावी लागे. 2006 मध्ये ब्युनोस आयर्समधल्या शिवणकारखान्याला आग लागून सहा बोलिव्हियन दगावले, त्यात बहुतेक मुलं होती. वर त्वचेच्या रंगावरून होणारा भेदभाव, जो युरोपीय चेहऱ्याच्या वाट्याला येत नाही.

तरीही राजधानीजवळच्या एस्कोबार आणि ला प्लाता या भागांतल्या भाजीमळ्यांत मजुरीपासून सुरुवात करून अनेक बोलिव्हियन कुटुंबं स्वतः भाजी पिकवू लागली. एस्कोबारमध्ये त्यांचा स्वतःचा घाऊक बाजार आहे. 2004 च्या नव्या स्थलांतर कायद्याने कागदपत्रं मिळणंही सोपं झालं. म्हणून तुलना करायचीच, तर स्लोव्हेनांच्या नातवंडांची बोलिव्हियनांच्या पहिल्या पिढीशी करू नका.