मेस लावली आणि मेस झाली

चोपड्याहून एका वाचकाचा प्रश्न आहे. मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. सरावाच्या निबंधात तिने लिहिलं, ‘लोडशेडिंग मेस्ड माय स्टडी’. क्लासच्या सरांनी ते खोडून ‘मेस्ड अप माय स्टडीज’ केलं. हे ‘अप’ कशाला, आणि नुसतं ‘मेस्ड’ का चालत नाही?

सर बरोबर आहेत. बिघडवणे, विचका करणे या अर्थी क्रियापद ‘मेस अप’ असं जोडीनेच येतं. कर्म मध्ये घाला किंवा शेवटी, दोन्ही चालतं: ‘ही मेस्ड अप द फाइल’, ‘ही मेस्ड द फाइल अप’. पण कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच हवं. ‘मेस इट अप’ बरोबर, ‘मेस अप इट’ साफ चूक, आणि ही चूक मी इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांच्या तोंडूनही रोज ऐकतो. कर्माशिवाय ‘आय मेस्ड अप’ म्हणजे माझ्याकडून चुकलं. ‘मेस विथ’ म्हणजे नको तिथे हात घालणं, एखाद्याच्या वाटेला जाणं. ‘आय ॲम मेस्ड’ असं काही नसतं. ‘आय ॲम मेस्ड अप’ असतं, पण त्याचा अर्थ मी मनाने पार कोलमडलोय किंवा नशेत आहे असा होतो. मुलाखतीला उशीर झाल्याचं कारण सांगताना पोरं हे वाक्य बिनदिक्कत टाकतात, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. शिवाय हा सगळा बोलण्यातला प्रकार. अर्जात, निबंधात ‘डिसरप्टेड’ लिहावं.

व्याकरण एवढंच. आता खरी गोष्ट. ‘अप’ काढून टाकलं की या क्रियापदाचा एक वेगळाच, जुना अर्थ उरतो. ‘वी मेस्ड टुगेदर इन जळगाव’ हे अगदी शुद्ध इंग्रजी वाक्य आहे आणि त्याचा अर्थ आहे, जळगावला आम्ही एकत्र जेवायचो! धुळ्या-जळगावला खोली घेऊन राहिलेल्या प्रत्येकाने मेस लावलेली असते. ती मेस आणि ‘सगळं मेस झालंय’ मधली मेस हा एकच शब्द आहे. योगायोगाने सारखे दिसणारे दोन शब्द नव्हेत.

मूळ लॅटिन ‘मित्तेरे’, म्हणजे पाठवणे. त्यावरून ‘मिस्सुस’, पाठवलेलं, आणि पुढे जेवणात आतून पंगतीवर आलेला एकेक पदार्थ. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘मेस’ झालं, आजच्या फ्रेंचमध्ये ते ‘मे’ म्हणून पदार्थ याच अर्थी जिवंत आहे. मिशन, मिसाईल, प्रॉमिस, कमिटी ही सगळी याच ‘मित्तेरे’ची भावंडं. इंग्रजीत मेस आला तो ताटात वाढलेलं अन्न या अर्थाने. मग एकत्र जेवणाऱ्यांचा गट म्हणजे मेस. लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ या वकिलांच्या जुन्या संस्थांमध्ये बॅरिस्टर होऊ पाहणाऱ्यांना ठरावीक जेवणं घ्यावीच लागत, आणि तिथे चौघांच्या गटाला आजही मेस म्हणतात. सैन्यातली मेस याच वाटेने आली, तिथून छावण्यांत, छावण्यांतून आपल्या गावांत. आणि आपल्याकडे मावशींच्या मेसमधून खोलीवर पोळी-भाजीचा डबा येतो, तो तर शब्दशः पाठवलेला! लॅटिन अर्थ त्या डब्यात जितका शाबूत आहे तितका साहेबाच्या मेसमध्येही उरलेला नाही.

अव्यवस्था कुठून आली? मेस म्हणजे पुढे खिमटासारखं पातळसर, लिबलिबीत अन्न, मग जनावरांपुढचं कालवलेलं आंबोण, मग कशात काय मिसळलंय ते कळू नये असा लगदा. एकोणिसाव्या शतकात त्याचा अर्थ सरळ गोंधळ, पसारा असा झाला, आणि ‘मेस अप’ त्यानंतरचं.

इथे काही विद्वान मध्ये पडतात आणि छातीठोकपणे सांगतात की मेस हा लॅटिन ‘मेन्सा’ म्हणजे टेबल यावरून आला, आपलं मेजही त्यातलंच. मेज पोर्तुगीज की फारसी हा वेगळा वाद आहे, तो इथे नको. पण मेस मेन्सावरून आलेला नाही, हे ठामपणे सांगतो. लॅटिनमध्ये महिन्याला ‘मेन्सिस’ म्हणत, त्याचा फ्रेंचमध्ये उच्चार ‘म्वा’ झाला. तोच स्वर, तेच व्यंजन असलेल्या मेन्साचं मात्र ‘मेस’ कसं व्हावं? शिवाय इंग्रजीतला पहिला अर्थ अन्न आहे, टेबल नाही. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून त्यांची सोयरीक जुळवणं म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, आणि शिकल्यासवरल्या माणसांनी तरी हे करू नये.

माझं मत असं की अव्यवस्थेचे शब्द स्वयंपाकघरातच शिजतात. इंग्रजीत ‘हॅश’ म्हणजे बारीक चिरलेल्या मांसाचा पदार्थ, आणि ‘मेक अ हॅश ऑफ’ म्हणजे विचका करणं. ‘हॉचपॉच’ हे आधी एकाच भांड्यात शिजवलेलं कालवण, मग कसलंही कडबोळं. इटालियन ‘पास्तिच्चो’ हे सारण भरलेलं भाजलेलं पक्वान्न, आणि घोटाळाही. मराठीत भाषेची खिचडी होते. आपण कालवून जेवतो आणि दुःखाने पोटात कालवाकालव होते. पोर ताटातलं अन्न चिवडतं, तसंच कुणी दुसऱ्याच्या मोबाईलमधल्या सेटिंग चिवडतं. ‘मेस विथ’साठी याहून नेमकं क्रियापद मला दाखवावं!

‘मेस अप’साठी काही शुद्धिवादी ‘अव्यवस्था’ वापरायला सांगतात. भुसावळच्या फलाटावर गाडी तीन तास उशिरा आली की ‘अव्यवस्था झाली’ कोण म्हणतं? घोळ झाला म्हणतात, आणि तोच शब्द योग्य आहे. घोळ हे ‘घोळणे’चं नाम एवढं सांगून लोक थांबतात. मला ते पुरेसं वाटत नाही. आयुर्वेदात ताकाचे प्रकार सांगितले आहेत. त्यातलं ‘घोल’ म्हणजे पाणी न घालता, साय न काढता घुसळलेलं दही. साय, दही, लोणी सगळं एकात एक, कशातून काय वेगळं काढायचं ते कळत नाही. घोळ झाला म्हणताना आपल्याला अभिप्रेत असते ती नेमकी हीच स्थिती. म्हणून आपल्या घोळाचं मूळ मी या ताकात धरतो. संस्कृत ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो, याचे दाखले फळ, काळ, बळ, जळ या शब्दांत रोज तोंडी येतात, त्यामुळे घोलचा घोळ व्हायला काहीच आडकाठी नाही. आणि खानदेशात तर हा ‘ळ’ही टिकत नाही, डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते. रावेर-यावलकडे कुणी ‘घोय झाला’ म्हणालं तर हसू नका, तो त्याच शब्दाचा पुढचा टप्पा आहे.