ओटीवरचा पलंग नेमका कोणता?

प्रश्न : आमचं घर गुहागरजवळ. बाबांनी 2016 मध्ये मृत्युपत्र केलं, 2023 मध्ये ते गेले. परिच्छेद 3 मध्ये 'माझा शिसवी पलंग मुलीस' आणि 6 मध्ये 'ओटीवरचा पलंग धाकट्या मुलास' असं आहे. घरात पलंग दोन, एक शिसवी, एक सागवानी. मृत्युपत्र केलं तेव्हा शिसवी पलंग माजघरात होता. पुढे बाबांचे गुडघे गेले, तेव्हा तो ओटीवर आणला आणि सागवानी आत नेला. भाऊ म्हणतो, ओटीवरचा तो माझा. आता आईलाही मृत्युपत्र करायचंय. सामान कसं लिहावं?

उत्तर : ताई, भावाचं म्हणणं अगदीच पोकळ नाही, हे आधी सांगते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 90 प्रमाणे मृत्युपत्रातलं वर्णन साधारणपणे मृत्यूच्या वेळी जी वस्तू त्यात बसते तिला लागतं. त्या दिवशी ओटीवर शिसवी पलंग होता. शिवाय दोन परिच्छेद एकमेकांशी जुळतच नसतील तर शेवटचा खरा धरायचा, असं कलम 88 सांगतं, आणि शेवटचा त्याचा आहे.

पण इथे ते जुळतात. कलम 90 मध्येच 'मृत्युपत्रातून वेगळा हेतू दिसत नसेल तर' अशी अट आहे. बाबांनी शिसवी पलंग तीन परिच्छेद आधी तुम्हाला दिलाय. 'ओटीवरचा' म्हणजे सागवानी असं वाचलं की दोन्ही परिच्छेद जिवंत राहतात, आणि एक अर्थ घेतल्याने तरतूद अमलात येते, दुसऱ्याने ती वाया जाते, तेव्हा कलम 84 पहिला अर्थ घ्यायला सांगतं. माझ्या मते तुमची बाजू वरचढ आहे.

पुरावा मात्र हवा. बाबा तोंडी काय म्हणाले यापेक्षा 2016 मध्ये कुठला पलंग कुठे होता, हे आधी दाखवा. त्या सालचे गणपतीतले फोटो शोधा. मखराच्या बाजूला पलंगाचा एखादा पाय हमखास दिसतो. पलंग उचलायला आलेल्या शेजाऱ्यांनाही विचारून ठेवा. मग भावाला फोटो दाखवून बोला. जमलं तर दोघांच्या सहीचा साधा लेख करा. वस्तू जंगम आहेत, त्यांच्या वाटपाच्या लेखाला नोंदणीची सक्ती नाही. दोन पलंगांसाठी कोर्टाची पायरी चढू नये, असं मनापासून वाटतं.

आता आईंचं. वस्तूची ओळख जागेवरून कधीच लिहू नका. आपल्याकडे पावसाळ्यात पडवीतलं सामान आत येतं, गणपतीत ओटी रिकामी होते. वस्तू वर्षातून दोनदा जागा बदलतात. लाकडाचीही खात्री करून घ्या. पॉलिश चढलं की फणसालाही लोक सागवान म्हणतात. सुताराला दाखवा, त्यालाही सांगता येत नसेल तर 'गडद पॉलिशचा' इतकंच लिहा. मग मोजमाप आणि न पुसणारी खूण. उदाहरणार्थ : 'वस्तू क्र. 4. गडद पॉलिशचा लाकडी पलंग, एक नग. लांबी 78 इंच, रुंदी 48 इंच. उशाकडच्या फळीवर कोरलेला मोर, त्याची चोच तुटलेली. फोटो क्र. 4.' यापुढे सगळीकडे 'वस्तू क्र. 4' एवढंच लिहायचं. एकीकडे 'जुना पलंग' आणि दुसरीकडे 'मोठा पलंग' लिहिलंत की तुमच्या मुलांनाही हाच प्रश्न पडेल. मापं इंचात घेतलीत तर सगळी इंचातच ठेवा.

कपाट आतल्या सामानासह द्यायचं की रिकामं, ते लिहा. भांडणं तिथूनच सुरू होतात. भिंतीत बसवलेलं फडताळ घराबरोबर जातं, ते यादीत घालू नका. झोपाळ्याच्या पितळी कड्या कुणाच्या, तेही स्पष्ट करा.

यादी मृत्युपत्राला शिवूनच टाका. 'परिशिष्टातलं सामान अमक्याला' असं लिहून परिशिष्टच सापडलं नाही तर ते देणं रद्द ठरतं. कलम 89 खालच्या उदाहरणांत हे स्पष्ट दिलंय. प्रत्येक पानावर आईंची सही घ्या, शेवटी दोन साक्षीदार. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला बसवू नका.

सही करण्याआधी यादी एखाद्या परक्या माणसाच्या हातात देऊन त्याला घरभर फिरू द्या. तो कुणालाही न विचारता प्रत्येक वस्तूपाशी बरोबर थांबला, तर ती सहीला तयार आहे.