उपग्रहावरच्या फ्री-टू-एअर वाहिन्या पकडण्याचा छंद सुरू करायचा आहे. रिसीव्हर कुठला घ्यावा, डिश किती मोठी हवी आणि ती एकट्याला लावता येईल का?

एकट्याला नक्की जमतं. फक्त तुमच्या प्रश्नातला क्रम उलटा करा आणि रिसीव्हर सगळ्यात शेवटी निवडा. नवा माणूस या छंदात अडकतो तो बहुतेक वेळा बॉक्समुळे नाही, तर डिश एखाद्या अंशाने भलतीकडे बघत असते म्हणून.

पहिलं काम कागदावरचं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून फिरतात, त्यामुळे आपल्याला ते आकाशात एका जागी खिळल्यासारखे असतात. उत्तर गोलार्धातून ते दक्षिणेकडच्या एका कमानीवर येतात: तुमच्याच रेखांशावरचा सर्वांत उंच, बाकीचे पूर्वेला आणि पश्चिमेला उतरत गेलेले. लिंगसॅटसारख्या संकेतस्थळावर प्रत्येक उपग्रहाची यादी मिळते. त्यात वारंवारता, पोलरायझेशन (लहर आडवी म्हणजे हॉरिझाँटल की उभी म्हणजे व्हर्टिकल), सिंबॉल रेट (माहिती पाठवण्याचा वेग) आणि वाहिनी खुली आहे की कूटबद्ध, हे सगळं दिलेलं असतं. 'मोफत' आणि 'खुली' यांत फरक आहे. काही वाहिन्या मोफत असूनही कार्ड मागतात. त्या फ्री-टू-एअर नव्हेत.

तुमच्या रेखांशापासून तीसेक अंशांच्या आतला, भरपूर खुल्या वाहिन्यांचा आणि जोरदार केयू बँड (लहान डिशवर मिळणारा वारंवारतांचा पट्टा) बीमचा, म्हणजे जमिनीवर पडणाऱ्या झोताचा, एकच उपग्रह निवडा. बीमच्या नकाशावर तुमच्या जागी ५० डीबीडब्ल्यू (झोताच्या जोराचं माप) किंवा जास्त दिसत असेल तर ६० ते ७५ सेंटीमीटरची डिश पुरते. तरीही मी ९० सेंटीमीटरचीच घ्यायला सांगेन. पावसात तग धरायला तिच्यात वाव असतो आणि पुढे दुसरा उपग्रह शोधताना तीच कामाला येते. सी बँडची (खालच्या वारंवारतांच्या पट्ट्याची) १.८ ते २.४ मीटरची छत्री पहिल्या दिवशी नको.

सामान फारसं लागत नाही. ऑफसेट डिश (एलएनबी मध्यावर नसून खालच्या कडेच्या बाजूला असलेली), युनिव्हर्सल एलएनबी (डिशसमोर बसणारा, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा भाग), तांब्याच्या गाभ्याची ७५ ओहमची आरजी-६ केबल, एफ कनेक्टर, जाड भिंतीचा लोखंडी खांब, ओळंबा, होकायंत्र आणि कोन मोजायला फोनमधलं ॲप. रिसीव्हर डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रक्षेपणाची पद्धत) आणि एचईव्हीसी (चित्र दाबून पाठवण्याची पद्धत) चालवणारा, ब्लाइंड स्कॅन (यादी न देता सगळं शोधणं) आणि डायसेक (केबलवरून स्विच आणि मोटरला हुकूम देण्याची पद्धत) असलेला घ्या. केबल आणि एलएनबीच्या मध्ये लावायचं काट्याचं साधं सॅटफाइंडर लागत नाही. ते एकूण येणारी शक्ती मोजतं, ती कुठल्या उपग्रहाची हे त्याला कळत नाही.

खांब ओळंब्यात हवा. एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी ओळंबा धरून बघा. स्थिर डिशसाठी थोडा कल चालून जातो, फक्त ब्रॅकेटवरचे आकडे खोटे पडतात. डिश फिरवणारी मोटर लावणार असाल तर मात्र तेवढाच कल सगळं बिघडवतो.

आता कोन. उदाहरणच घेऊ: तुम्ही २० अंश उत्तर अक्षांशावर आहात आणि उपग्रह तुमच्या रेखांशाच्या १० अंश पश्चिमेला आहे. मग त्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून सुमारे २०७ अंश, क्षितिजापासून उंची ६४ अंश आणि एलएनबीचा पीळ म्हणजे स्क्यू २५ अंशांच्या आसपास येतो. तुमचे आकडे डिशपॉइंटरसारखं कुठलंही गणकयंत्र देईल. होकायंत्र लोखंडी खांबाजवळ धरू नका आणि चुंबकीय उत्तरेचा फरक वजा-बेरीज करायला विसरू नका. सूर्य याहून भरवशाचा: तो २०७ अंशांवर कधी येतो ती वेळ काढा आणि त्या क्षणी खांबाच्या सावलीवर खडूने रेघ मारा. सावलीच्या बरोबर उलट दिशेला तुमचा उपग्रह.

उंचीच्या कोनात बहुतेक जण फसतात. ऑफसेट डिश जिकडे तोंड करून दिसते त्याच्या बरीच वर बघत असते. किती वर, ते डिशच्या मापांवरून कळतं: रुंदीला उंचीने भागा आणि ज्या कोनाचं कोसाइन तेवढं येईल तो ऑफसेट. ८५ सेंटीमीटर रुंद आणि ९४ सेंटीमीटर उंच डिशचा ऑफसेट साधारण २५ अंश. म्हणजे ६४ अंशांच्या उपग्रहासाठी डिशची कड उभ्या रेषेपासून ३९ अंश मागे झुकवायची. उपग्रह २५ अंशांच्याही खाली असेल तर डिश चक्क पुढे वाकलेली दिसेल आणि तीच तिची बरोबर जागा असेल.

एलएनबीचा पीळ कमानीच्या उतारावरून लक्षात ठेवा. डिशच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभे राहा. उपग्रह दक्षिणेच्या पश्चिमेला असेल तर कमान उजवीकडे उतरते, म्हणून एलएनबी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा; पूर्वेला असेल तर उलट. काही उपग्रहांची पोलरायझेशन मुळातच थोडी तिरकी असतात, त्यामुळे शेवटचा निकाल क्वालिटीच्या पट्टीवर लावा.

रिसीव्हरच्या मेनूत एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, म्हणजे ९७५०/१०६०० ठेवा आणि यादीतला सर्वांत मोठ्या सिंबॉल रेटचा एक जोरदार टीपी भरा. ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे उपग्रहावरच्या एकेका प्रक्षेपकाला, सगळे टीपीच म्हणतात. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून काहीतरी येतंय एवढंच. एलएनबीला वीज मिळाली की ती ढगाकडे बघूनही भरते. खरी पट्टी क्वालिटीची, आणि डिश नेमकी लागेपर्यंत ती शून्यावर असते.

९० सेंटीमीटरच्या डिशची नजर केयू बँडवर जेमतेम दोन अंश रुंद असते; एका अंशाने चुकलात की सिग्नल निम्म्यावर. ५० मिलिमीटर जाडीच्या खांबावर एक अंश म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी सरकणं. रिसीव्हरला टीपी पकडायला दोन-तीन सेकंद लागतात. म्हणून डिश हाताने सरसर फिरवणाऱ्याच्या समोरून उपग्रह येऊन निघूनही जातो. खांबावर कागदाची पट्टी चिकटवून मिलिमीटरच्या खुणा करा. उंची पक्की धरून डावीकडून उजवीकडे खूण-खूण सरका, प्रत्येक ठिकाणी तीन सेकंद थांबा. काही मिळालं नाही तर उंची एक अंश वाढवा आणि परत या. मग मूळ कोनाच्या एक अंश खाली.

क्वालिटी आली की लगेच स्कॅन करून वाहिन्यांची नावं यादीशी ताडून बघा. शेजारचा उपग्रह तीन अंशांवरही असू शकतो आणि त्यावर तुमच्याच टीपीची वारंवारता आणि सिंबॉल रेट असलेला टीपी असू शकतो. मग दिशा, उंची, पीळ आणि एलएनबीचं पुढे-मागे सरकणं, या क्रमाने क्वालिटी वाढवा. नट समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळा आणि नजर पट्टीवर ठेवा, कारण आवळतानाच डिश हलते.

बिघाड स्वतःच आपली जागा सांगतात. ११,७०० मेगाहर्ट्झच्या वरचं काहीच येत नसेल तर रिसीव्हरने एलएनबीला वरच्या पट्ट्यासाठी पाठवायचा २२ किलोहर्ट्झचा टोन बंद आहे. फक्त हॉरिझाँटल गायब असेल तर १८ व्होल्ट एलएनबीपर्यंत पोहोचत नाहीत. व्हर्टिकलला १३ पुरतात. अशा वेळी कनेक्टर आणि केबलची लांबी तपासा. वरच्या वारंवारतांवर आरजी-६ दर १०० मीटरला सुमारे ३० डीबी खाते, म्हणून ३० मीटरच्या आत राहा. कनेक्टर बसवताना जाळीचा एक तंतू जरी मधल्या तारेला लागला तरी शॉर्ट होतो, त्यामुळे जोडाजोडी रिसीव्हर बंद करूनच. केबल एलएनबीखाली थोडी लोंबू द्या, पाणी तिथून टपकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस दुपारच्या सुमारास थोडा वेळ चित्र जाईल. तेव्हा सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो, काही सुटं झालेलं नसतं. त्याच वेळी डिशवर झाडाची सावली पडलेली दिसली, तर ते झाड तुमच्या वाटेत आहे हेही समजा.

एक उपग्रह पक्का झाला की त्याच डिशवर तीन ते सहा अंश पलीकडच्या उपग्रहासाठी दुसरा एलएनबी लावा आणि दोन्ही डायसेक स्विचला जोडा. पश्चिमेकडच्या उपग्रहाचा एलएनबी पूर्वेच्या बाजूला येतो, कारण डिश आरशासारखी उलट करते. त्यानंतर मोटर. यूसाल्स (मोटरचे कोन आपोआप काढणारी सोय) असेल तर रिसीव्हरला स्वतःचे अक्षांश-रेखांश द्यायचे, बाकीचा हिशेब तोच करतो.

ब्लाइंड स्कॅन करताना एखाद्या टीपीवर आवाज येईल आणि पडदा काळा राहील. बॉक्स बिघडला असं समजू नका. बातम्या आणि सामन्यांच्या थेट जोडण्या बऱ्याचदा ४:२:२ रंगपद्धतीत असतात आणि साध्या रिसीव्हरला ती उलगडता येत नाही. संगणकाला डीव्हीबी-एस२ ट्यूनर जोडून व्हीएलसीमध्ये तोच टीपी उघडलात तर चित्र दिसेल.