‘चपळ’ आणि ‘वेगवान’ एकच का? ‘चपळ’ हा शब्द वाक्यात कसा वापरायचा?

एकच नाहीत. मी शाळेत मराठी शिकवते आणि संध्याकाळी मुलींचा खो-खो घेते, त्यामुळे हा फरक मला रोज मैदानावर दिसतो.

आमच्या संघात सातवीतली एक मुलगी आहे. शंभर मीटरच्या शर्यतीत तिचा नंबर कधीच आला नाही. पण खो-खोत ती पळतीला उतरली की बाद करणं अवघड. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत तिला मागे फिरता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणारीला ही बंधनं नसतात. आमची ही पोरगी डावा खांदा किंचित झुकवते, समोरची त्या बाजूला झेपावते, आणि तेवढ्यात ही पाटीवर बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडे गेलेली असते. जेमतेम दोन पावलांचा खेळ, पण अंग क्षणात वळतं, थांबतं, पुन्हा सुटतं. याला मी चपळ म्हणते. चित्ता वेगवान; नागाचा फणा चुकवणारं मुंगूस चपळ. वेगात अंतर कापणं येतं, चपळाईत हालचाल बदलणं.

म्हणूनच आगगाडी वेगवान असते, चपळ नसते. गजरा करणाऱ्या बाईची बोटं मात्र चपळ असतात. बुद्धीसाठी ‘तल्लख’ हा आपला चांगला शब्द आहे, तिथे ‘चपळ’ला ओढू नये असं माझं मत. ‘चलाख’मध्ये थोडा कावेबाजपणा डोकावतो. आणि लहान मूल हुशार नि तरतरीत असेल तर ‘चुणचुणीत’.

शब्द संस्कृत ‘चपल’वरून आला. तिथे त्याला अस्थिर, एका जागी न ठरणारा असाही अर्थ आहे. वीज म्हणजे चपला, आणि कुणाकडेच कायमची न थांबणारी लक्ष्मीसुद्धा चपला. मराठीत शरीराबद्दल बोलताना त्याची निव्वळ स्तुती झाली. समर्थ रामदासांच्या मारुतिस्तोत्रात ‘चपळांग पाहतां मोठें महाविद्युल्लतेपरी’ असं येतं, तिथे चपळ अंगाला विजेचीच उपमा आहे. आजही आपण ‘विजेच्या चपळाईने’ म्हणतो.

आता एक गोष्ट जपून लक्षात ठेवा, कारण इथे फार जण चुकतात. विरुद्धार्थी शब्द विचारला की दरवर्षी दोन-चार मुलं ‘अचपळ’ लिहितात. सुरुवातीचा ‘अ’ पाहून तसं वाटणं साहजिक आहे, पण अचपळ म्हणजे मंद नव्हे! अचपळ म्हणजे उलट फारच चंचल, स्वस्थ न बसणारा. समर्थांच्याच करुणाष्टकांत ‘अचपळ मन माझें नावरे आवरीतां’ आहे. मन सुस्त असतं तर आवरायचा प्रश्नच आला नसता. मी मुलांना ही ओळ मोठ्याने म्हणायला लावते, मग पुन्हा चूक होत नाही. विरुद्धार्थी म्हणून मंद, सुस्त किंवा संथ लिहा.

वापर सोपा आहे. लिंग-वचनाने रूप बदलत नाही: चपळ मुलगा, चपळ मुलगी, चपळ पोरं, चपळ खेळाडूला. नाम ‘चपळाई’, ते स्त्रीलिंगी: ‘तिची चपळाई बघत राहावी अशी’. ‘चपळता’ पुस्तकात चालतं, बोलण्यात चपळाईच. क्रियाविशेषण हवं असेल तर ‘चपळाईने’ म्हणा: ‘खार चपळाईने फांदीवर चढली.’ ‘चपळपणे’ व्याकरणात बसतं, पण आमच्याकडे तसं कुणी बोलत नाही.