जमवलेल्या चित्रांच्या कापडांची भलीमोठी टोट बॅग घरच्या मशीनवर कशी शिवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मांजरं, रिक्षा, वारली, कलमकारी चेहरे अशी चित्रं असलेले पाव-पाव मीटरचे तुकडे बरेच साठलेत, घरी साधं काळं शिलाई मशीन आहे, खांद्यावर अडकवायची मोठी बॅग हवी आहे, आधी शिवलेली बंदाशी फाटली.

बंदाशी फाटली, यातच निम्मं उत्तर आहे. जोडकाम, म्हणजे तुकडे जोडून केलेलं कापड, हे बॅगेचं दर्शनी कापड असतं, वजन त्याच्यावर टाकायचं नसतं. चित्रांची कापडं बहुतेक शर्ट-कुर्त्याच्या जाडीची सुती असतात आणि प्रत्येक जोड पाव इंचाच्या मार्जिनवर उभा असतो. अशा कापडाच्या वरच्या काठात बंद खोचून शिवला की सगळा भार दोन-दोन इंचांच्या चार जागांवर येतो आणि कापड शिवणीच्या शेजारी फाटतं. म्हणून बंद तळापासून वरपर्यंत न्यायचा आणि जोडकामामागे कॅनव्हास लावायचा.

खालची मापं तयार झाल्यावर साधारण १७.५ इंच रुंद, १६.५ इंच उंच आणि ६ इंच खोल अशा बॅगेची आहेत. याहून मोठी करू नका. भरल्यावर ती उचलणार कोण?

सामान: ४.५ × ४.५ इंचांचे ४८ चौकोन (एका बाजूला २४). तळासाठी जुन्या जीन्सच्या २४.५ × ४.५ इंचांच्या २ पट्ट्या. जाड सुती कॅनव्हास सव्वा मीटर, ३६ पन्ह्याचाही (म्हणजे ३६ इंच रुंदीचाही) चालेल. अस्तराला ४४ पन्ह्याचं घट्ट विणीचं सुती कापड १ मीटर २० सेंमी. बंदांसाठी दीड इंची सुती निवार (जाड विणलेली पट्टी) साडेतीन मीटर. स्पन पॉलिस्टर दोरा; सुती दोरा इथे नको, भाराखाली तो आधी तुटतो. सुया १४, १६ आणि १८ नंबरच्या.

कापायच्या आधी सगळं धुवा, कॅनव्हास आणि निवारसुद्धा. कॅनव्हास पहिल्याच धुण्यात चांगला आटतो. तो न धुता लावला तर तयार बॅग धुतल्यावर आत तो आक्रसतो, पुढची चित्रं फुगून चुरगळतात, आणि त्यावर उपाय नाही. रंग जातो का ते पाहायला ओला तुकडा पांढऱ्या रुमालावर ठेवून गरम इस्त्री दाबा. गडद लाल, निळी आणि काळी ब्लॉक प्रिंटं नक्की तपासा. दोन-तीन धुण्यांनंतरही रुमाल रंगत असेल तर ते कापड या बॅगेत घेऊ नका. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होईल या भरवशावर तर मुळीच राहू नका.

चित्र कापणं हा या कामातला सर्वांत मजेचा आणि सर्वांत जास्त बिघडणारा भाग. ४.५ इंचांच्या चौकोनातलं दिसणार फक्त ४ इंच, चारही कडांचा पाव-पाव इंच शिवणीत जातो. नुसत्या पट्टीने आखलं की हत्तीची सोंड किंवा रिक्षाचं चाक हमखास त्या पाव इंचात सापडतं. त्यासाठी जुन्या एक्स-रे फिल्मचा ४.५ इंचांचा चौकोन कापा आणि त्याच्या आत ४ इंचांचा चौकोन मार्करने आखा. फिल्म गडद असेल तर ब्लीचच्या पाण्यात ठेवून घासली की काळा थर निघून ती पारदर्शक होते; हातमोजे घाला, आणि ते पाणी दुसऱ्या कशात मिसळू नका. आता ही खिडकी कापडावर सरकवत चित्र मध्ये आणा, आखा, कापा. कापड जास्त वाया जातं हे खरं, पण चित्राचं कापड जपून ठेवलं ते चित्रासाठीच ना? ४ इंचांत न मावणारं चित्र असेल तर दोन चौकोनांच्या जागी ४.५ × ८.५ इंचांचा एकच तुकडा घ्या. चित्र थोडं तिरकं छापलेलं असेल तर आडव्या-उभ्या धाग्याकडे बघून कापा, चित्राकडे बघून नाही. उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापलेला चौकोन शिवताना ताणला जातो आणि सगळी ओळ वाकडी होते.

कापडांची जाडी सारखी नसते, ही पुढची अडचण. खण, पैठणीचा काठ, जुन्या रेशमी साडीचा तुकडा यांना मागून पातळ पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग, लावा आणि मगच चौकोन कापा. खणाचे धागे कडेने इतके सुटतात की पाव इंचाचं मार्जिन शिवेपर्यंत उरत नाही. टी-शर्टवरचं चित्र घ्यायचं असेल तरी हेच. सोनेरी खडीच्या छपाईवर सुलट बाजूने इस्त्री फिरवू नका, ती इस्त्रीला चिकटते.

मांडणी जमिनीवर करा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एका बाजूला ६ चौकोनांच्या ४ ओळी, खाली जीन्सची पट्टी. मांडताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. पहिला आणि सहावा स्तंभ बराचसा बॅगेच्या कुशीकडे वळतो, तिथे आवडतं चित्र वाया जातं. आणि निवारेचे बंद दुसऱ्या-तिसऱ्या आणि चौथ्या-पाचव्या स्तंभांमधल्या जोडावरून जाणार आहेत. दोन्हीकडचं पाऊण-पाऊण इंच झाकलं जाईल. म्हणजे या चार स्तंभांत चित्र बंदापासून जरा लांब सरकवून कापायचं. फायदा असा की जिथे जोड जुळले नसतील तेही बंदाखाली जातात!

जोडायला १४ नंबरची सुई आणि इंचात साधारण १२ टाके. पाव इंचाची शिवण तंतोतंत हवी. सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पत्र्यावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला धरून चालवा. कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाच्या कडेवर विसंबू नका, प्रत्येक पायाचं माप वेगळं. शिवण प्रत्येक बाजूला नुसती दीड मिलिमीटर जास्त गेली तरी एका जोडात ३ मिलिमीटर जातात, आणि पाच जोडांत दीड सेंटिमीटर. मग जीन्सची पट्टी लांब आणि वरचं जोडकाम आखूड, असं होतं.

आधी सहा-सहाच्या ओळी शिवा. पहिल्या ओळीच्या सगळ्या शिवणी इस्त्रीने डावीकडे दाबा, दुसरीच्या उजवीकडे, तिसरीच्या पुन्हा डावीकडे. दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की शिवणींचे उंचवटे एकमेकांत अडकून बसतात, बोटाला जाणवतं. तिथे टाचणी लावून टीप मारली की चारही कोपरे एका बिंदूवर येतात. इस्त्री दाबायची, घासायची नाही. घासल्याने चौकोन लांबतात. शेवटी जीन्स जोडा. तयार पट्टा, म्हणजे बॅगेची एक बाजू, २४.५ × २०.५ इंचांचा असायला हवा.

कॅनव्हासचे २६ × २२ इंचांचे दोन तुकडे कापा. त्यांच्यावर पट्टे पसरून मोठ्या कच्च्या टाक्यांनी धरून ठेवा आणि १६ नंबरच्या सुईने, इंचात ८-९ टाके ठेवून, दर दोन इंचांवर उभ्या टिपा मारा. पहिली टीप मधोमध, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कडेपासून सुरू केलं की सगळं सैल कापड मध्ये गोळा होऊन चुण्या पडतात. (कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवदी, म्हणजे तुकड्यांची गोधडी, शिवताना नेमकं उलट करतात, कोपऱ्यापासून सुरू करून गोल-गोल आत येतात, पण तिथे हाताचा धावदोरा असतो आणि तुकडा पुढे जात जात बसवला जातो. मशीनवर ते जमत नाही.) हाताने धावदोरा घालायचा असेल तर अवश्य घाला, दिसतो छान, फक्त कॅनव्हास जाड असल्याने बोटाला टोपण लागेल. टिपांमुळे पट्टा थोडा आक्रसतो. दोन्ही पट्टे एकमेकांवर ठेवून एकसारखे छाटा आणि जे माप आलं असेल तेच अस्तराला धरा.

फोम घालायचा का, असं बरेच जण विचारतात. फोमची बॅग ताठ उभी राहते, पण पावसात भिजली की लवकर वाळत नाही आणि काळ्या मशीनला तळाच्या शिवणी जड जातात. मी कॅनव्हासच घ्यायला सांगेन.

आता बंद. निवारेचे ६४ इंचांचे दोन तुकडे. एक टोक पट्ट्याच्या खालच्या कडेला, तिथून जोडावरून वर, २६ इंच मोकळी मूठ, पुन्हा दुसऱ्या जोडावरून खालच्या कडेपर्यंत. निवारेच्या दोन्ही कडांना टीप मारा, पण वरच्या कच्च्या कडेच्या दीड इंच खाली थांबा. तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी पक्की शिलाई करा. थांबला नाहीत तर पुढे अस्तर जोडताना बंद शिवणीत अडकतात. मूठ पिळली गेलेली नाही ना, हे शिवायच्या आधी बघा. उसवताना निवार आणि कॅनव्हास दोन्हींना भोकं राहतात.

दोन्ही पट्टे सुलट बाजू आत ठेवून बाजू आणि तळ अर्ध्या इंचावर शिवा. तळाला जिथे निवारेची टोकं समोरासमोर येतात तिथे जाडी भरपूर होते. मार्जिनमधला कॅनव्हास कापून टाका, लाकडी ठोकणीने जागा ठोकून चपटी करा, १८ ची सुई लावा आणि ते दोन-दोन इंच चाक हाताने फिरवत शिवा. मोटर किंवा पायडल जोरात चालवलं की सुई वाकून पत्र्यावर आपटते आणि तुटते. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. खालच्या बाजूला दोऱ्याचे झुबके येत असतील तर दोष बहुधा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत नीट न बसल्याचा असतो. बॉबिनचा स्क्रू लगेच पिळू नका.

तळाला खोली देण्यासाठी कोपरा असा चपटा करा की बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर बसेल. शिवणीच्या टोकापासून ३ इंचांवर आडवी रेघ मारा, ती ६ इंच भरायला हवी. दोनदा टीप, मग अर्धा इंच ठेवून त्रिकोण कापा. दोन्ही कोपरे शिवून मोजल्याशिवाय कात्री लावू नका.

अस्तराच्या दोन तुकड्यांची उंचीची, साधारण २०.५ इंचांची बाजू पन्ह्याच्या दिशेने ठेवा, म्हणजे ४४ पन्ह्यात दोन्ही शेजारी बसतात. उरलेल्यातून १० × १४ इंचांचा तुकडा दुमडून खिसा होतो. तो बाजू शिवायच्या आधीच बसवा, मध्ये एक उभी टीप मारून मोबाइलचा कप्पा वेगळा करा. अस्तराच्या बाजू वरच्या २ इंचांपर्यंत अर्ध्या इंचावर शिवा आणि खाली हळूहळू पाऊण इंचावर जा. अस्तर किंचित लहान झालं की आत झोळ पडत नाही. तळ शिवताना ७ इंच उघडं ठेवा आणि कोपरे बाहेरच्या बॅगेसारखेच चपटे करून शिवा. मॅग्नेट बटण हवं असेल तर आताच, आणि त्यामागे कॅनव्हासचा २ इंचांचा तुकडा लावूनच.

बॅग सुलट करून, बंद खाली टाचून, उलट्या अस्तराच्या आत घाला. बाजूच्या शिवणी जुळवा, वरच्या काठाने अर्ध्या इंचावर गोल टीप मारा, मोकळ्या जागेतून उलटवा, ती जागा हाताने शिवा. काठ इस्त्रीने बसवून पाव इंचावर आणखी एक टीप. तळाशी १७ × ५.५ इंचांची जाड प्लास्टिकची पट्टी ठेवा. तिला १८.५ × १२.५ इंचांच्या कापडाची खोळ शिवून एक बाजू उघडी ठेवली की धुताना पट्टी बाहेर काढता येते.