ऑनलाइन रेटिंग कमी असलेला पिक्चर बघायचा की नाही, हे तुम्ही कसं ठरवता?

तुम्ही लिहिलंय की सहाच्या खाली रेटिंग दिसलं की तुम्ही पिक्चर सोडून देता, आणि मग काही महिन्यांनी कोणीतरी म्हणतं, अरे तो बघितला नाहीस? भारी होता की. मग भरवसा कोणावर ठेवायचा. माझ्यापुरतं सांगतो, त्या आकड्यावर तर नकोच. या विषयावर आमच्याकडे घरात चांगलंच वाजलेलं आहे, त्यामुळे उत्तर थोडं भरकटेल, सांभाळून घ्या.

आम्ही भुसावळचे. बाहेरच्यांना भुसावळ म्हणजे जंक्शन, केळी आणि उन्हाळ्यात टीव्हीवर दिसणारा तापमानाचा आकडा, बस. पण पिक्चरच्या धंद्यात भुसावळचं नाव वेगळ्याच कारणानं घेतात. सीपी बेरार सर्किटचे (सर्किट म्हणजे पिक्चर वाटायचा इलाखा, सीपी बेरार म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) डिस्ट्रिब्युटर इथे बसायचे, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या त्यांच्या संघटनेचं ऑफिस इथलं, आणि तिच्या हद्दीत सीपी बेरार, सेंट्रल इंडिया आणि राजस्थान एवढा मोठा मुलूख येतो. हे सांगितलं की पुण्याचे लोक हसतात. हसू द्या.

आमचे आण्णा अशाच एका डिस्ट्रिब्युटरकडे रिप्रेझेंटेटिव्ह होते. रिळांच्या पेट्यांसोबत गावोगाव जायचं, यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा, जिथे पिक्चर लागेल तिथे. शो सुरू व्हायच्या आधी तिकिटांच्या बुकांचा पहिला नंबर लिहून घ्यायचा, शो झाला की शेवटचा नंबर, मग वजाबाकी, बाल्कनी वेगळी, स्टॉल वेगळा, त्यातून करमणूक कर काढायचा, आणि तो कागद, त्याला डीसीआर म्हणायचे, सही घेऊन ऑफिसला धाडायचा. टॉकीजवाला एखादं बुक खाली सरकवतोय का हे बघायलाच हा माणूस ठेवलेला असायचा, त्यामुळे त्याला चहा सगळे पाजायचे आणि मनातून शिव्याही सगळेच द्यायचे. पुढे सॅटेलाइटवरून पिक्चर यायला लागले, पेट्या गेल्या, आण्णांचं कामही गेलं.

पिक्चर कसा आहे हे आण्णांनी पडद्याकडे बघून कधी सांगितलं नाही. ते दाराशी उभे राहायचे. इंटरव्हलची घंटा झाल्यावर पब्लिक धावत आत येतं की रेंगाळत, गाणं लागलं की किती जण बिडीला बाहेर निघतात, शनिवारी बाया लेकरं घेऊन आल्या की नाही. बाया आल्या की म्हणायचे, तरला. आणि मुख्य म्हणजे सोमवार. शुक्रवार ते रविवार कोणीही गर्दी खेचतं, सोमवारच्या मॅटिनीला जो उभा राहतो तो पिक्चर. आजही धंद्यातली माणसं सोमवारचाच आकडा बघतात, विचारून बघा कोणालाही.

आता दाजी. आमच्या ताईचे मिस्टर, पुण्याला आयटीत. माणूस चांगला, हाताला सैल, सगळ्यांचं करतो (हे लिहून ठेवतो कारण ताई वाचणारच), पण चहा कुठे प्यायचा हेसुद्धा फोनला विचारल्याशिवाय ठरवत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली, दाजी सोडायला म्हणून आले आणि उन्हामुळे राहिले. दुसऱ्या दिवशी पोटात पुरणपोळी आणि आमरस, बाहेर पाय ठेवायची सोय नाही, तर आई स्वतःहून म्हणाली की जळगावला एसी टॉकीजला जाऊ, एक मराठी पिक्चर लागलाय, म्हातारीची गोष्ट आहे, भजनी मंडळातली एक बाई बघून आली. आमची आई पिक्चरचं नाव काढते हे वर्षानुवर्षं घडत नाही. पिक्चरचं नाव मी इथे सांगत नाही, नाहीतर खाली त्याच्यावरूनच भांडण जुंपेल.

दाजींनी फोन काढला. "आई, याला ५.१ आहे हो. कशाला वेळ घालवता. हा बघा, ८.९." हा म्हणजे कालच रिलीज झालेला, डब केलेला मारधाडीचा. मी म्हटलं दाजी, मतं किती पडलीत ते तरी बघा. आईच्या पिक्चरला साठ-सत्तर, त्यांच्या पिक्चरला काहीशे, तीही एका रात्रीत. दाजी म्हणाले, "आकडा तो आकडा." आई एवढंच म्हणाली, "तुम्हना आकडा माले नही समजत." आणि आखाजीच्या दिवसात जावईबापूंच्या तोंडाला कोण लागणार, आण्णा म्हणाले जाऊ द्या, ते म्हणतात तसं.

गेलो. आवाज एवढा की आईनं पदर कानावरून घेतला तो शेवटपर्यंत काढला नाही. इंटरव्हलला आण्णा बाहेर गेले ते परतच येईनात, म्हणून मी शोधायला गेलो, तर दाराशी तिकीट स्कॅन करणाऱ्या माणसासोबत उभे, दोघांच्या हातात चहा. तो जुन्या एका टॉकीजमधला डोअरकीपर निघाला. दोघांचा हिशोब चाललेला. आण्णा म्हणाले, "पुढच्या रांगा भरलेल्या होत्या ना, त्यातले अर्धे अजून बाहेरच आहेत. सोमवारी बसतो हा." तो माणूस म्हणाला, "आण्णा, सोमवारपर्यंत कुठं जाता, रविवारी लास्ट शोलाच बसेल." त्यांचा अंदाज बरोबर निघाला, पुढच्या आठवड्यात त्याचे शो कमी झाले आणि रेटिंगही घसरत सहाच्या आसपास आलं. दाजी याला ट्रेंड म्हणतात.

येताना नशिराबादच्या टोलपर्यंत मी गप्प बसलो, मग राहवलं नाही. त्यांच्याच फोनवर दाखवलं. आयएमडीबी या रेटिंगच्या साइटवर त्या आकड्यावर बोट ठेवलं की किती जणांनी १ दिले, किती जणांनी १० दिले याच्या पट्ट्या दिसतात. त्यात दहाची पट्टी ताडासारखी, एकची त्याच्या खालोखाल, आणि मध्ये ४ ते ८ मध्ये काहीच नाही. असं दिसलं की समजायचं, इथे पिक्चरवर कोणी बोलतच नाहीये, हिरोचे फॅन आणि त्याच्यावर जळणारे यांची मारामारी चाललीय. खरंच लोकांनी बघून मत दिलं असेल तर पट्टी ६-७ पाशी फुगते आणि दोन्हीकडे उतरत जाते. तुम्हाला एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका, बाकीचं उत्तर नाही वाचलं तरी चालेल.

आणि उलटंही होतं. २०१४ चा 'गुंडे' आठवतोय? त्याच्या सुरुवातीला १९७१ च्या युद्धाबद्दल जे निवेदन होतं त्यावरून बांगलादेशातले लोक भडकले, ठरवून आयएमडीबीवर एक-एक स्टारचा मारा केला, आणि पिक्चर थेट जगातल्या सगळ्यात वाईट पिक्चरांच्या यादीत जाऊन बसला. पिक्चर काही ग्रेट नव्हता, पण जगात सगळ्यात वाईट? त्यांचा राग खरा असेल, पण तो आकडा रागाचा होता. तो आकडा बघून तुम्ही काय ठरवणार?

दाजींचं दुसरं हत्यार म्हणजे टक्के. "रॉटन टोमॅटोजवर ९४ टक्के आहे!" अहो, ते ९४ मार्क नाहीत. शंभर समीक्षकांपैकी ९४ जणांना बरा वाटला, एवढाच त्याचा अर्थ. सगळे म्हणाले "ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही" तरी १०० टक्के येतील. आणि अर्ध्यांनी डोक्यावर घेतलेला, अर्ध्यांनी शिव्या घातलेला पिक्चर ५० वर अडकतो, ६० च्या खाली गेला की सडका टोमॅटो. मला विचाराल तर तो ५० वाला आधी बघा, त्यात काहीतरी असतं म्हणूनच भांडण झालेलं असतं. नेटफ्लिक्सनं तर २०१७ मध्ये स्टार काढून अंगठे आणले, आणि ९८ टक्के मॅच वगैरे जे यायला लागलं ते तुम्ही आधी काय बघितलंय त्यावरून काढलेलं असायचं, पिक्चरच्या दर्जाचा त्याच्याशी संबंध नव्हता. दाजी ते आम्हाला मार्कलिस्टसारखं वाचून दाखवायचे.

बरं, आईचा तो पिक्चर. पुढच्या शुक्रवारी उतरला. दिवाळीच्या सुमारास टीव्हीवर लागला, मी आतल्या खोलीत होतो, बाहेरून आईचा आवाज आला, "हाई ते मन्ही सासूच शे!" पळत गेलो तर पडद्यावरची म्हातारी साखरेच्या डब्याला कुलूप लावत होती आणि किल्ली कनवटीला खोचत होती. आमची आजी हुबेहूब अशीच करायची, पाहुणे आले की किल्ली निघायची, चार चमचे मोजून डबा परत बंद. आईनं जाहिराती लागल्या तशा एकेकीला फोन लावले, अमळनेरच्या मावशीला, शेजारच्या काकूंना, लावा लावा तो लागलाय. त्यांच्यापैकी एकीनंही जन्मात कुठल्या साइटवर स्टार दिलेला नाही आणि देणारही नाही. ज्या पिक्चरला यांनी तिकीट काढलं असतं त्याला ५.१ देणारे साठ-सत्तर जण कोण होते मग? बहुतेक आपल्याच वयाचे, फोनवर बसणारे, ज्यांना म्हातारीची गोष्ट स्लो वाटली. आमच्या शेवभाजीला बाहेरचा माणूस तिखट आहे म्हणून एक स्टार देऊन जातो ना, तसलं प्रकरण आहे हे.

दाजींचं यावर म्हणणं, घरी फुकटात बघितला म्हणून आवडला. तिकीट काढून कानावर पदर घेऊन बसली होती ती कोण मग? असो.

आता तुमच्या कामाचं. मतं काहीशेच असतील तर आकडा सोडून द्या, चांगला असो की वाईट. आयएमडीबी आपल्या टॉप २५० मध्ये घ्यायला किमान २५,००० मतं मागतं, आपल्या छोट्या मराठी पिक्चरांनी तिथे काय करावं. रिलीजच्या पहिल्या तीन-चार दिवसांतलं रेटिंग तर बघूच नका, सोमवारनंतर बघा. रिव्ह्यू वाचायचेच तर १० वाले आणि १ वाले सोडून ५ ते ७ वाल्यांचे वाचा, त्यांनी पिक्चर खरंच बघितलेला असतो, आणि त्यांची तक्रार नीट वाचा, कारण "काहीच घडत नाही", "गाणी नाहीत", "शेवट अर्धवट" ही तक्रार काही जणांसाठी शिफारस असते. दिग्दर्शक आणि लेखक कोण ते बघा, हिरो नंतर. जुन्या पिक्चरांचं रेटिंग नेहमी चढंच दिसतं, कारण आवड असलेलेच तिकडे शोधत जातात आणि मत देतात, तेही डोळे मिटून मानू नका. (स्मिता पाटीलचं घराणं आमच्या शिरपूरचं, त्यामुळे तिच्या पिक्चरच्या बाबतीत माझं मत धरू नका, मी सगळ्यांना दहापैकी दहा देतो.)

आणि सगळ्यात उपयोगी, ज्याची आवड तुमच्या बरोबर उलटी आहे असा एक माणूस कायम हाताशी ठेवा. माझ्याकडे दाजी आहेत. दाजी म्हणाले "फार स्लो आहे, झोप आली" की मी तिकीट काढतो. म्हणाले "पैसा वसूल" की घरी बसतो. हे आजवर क्वचितच चुकलंय, कुठल्याही साइटपेक्षा भरवशाचं. फक्त त्या माणसाला हे कळू द्यायचं नाही, जे आता कळणार आहे.

मालेगाव आमच्या शेजारचंच. नासिर शेख यांनी तिथे व्हिडिओ कॅमेऱ्यावर, गावातल्याच माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला आणि व्हिडिओ पार्लरला लोकांनी गर्दी केली. स्टारच्या हिशोबात तो कुठे बसवणार? ज्यांच्यासाठी काढला त्यांनी बघितला.

हां, एक-दोन गोष्टी राहिल्या. हजारो मतं आहेत, पट्ट्या नीट उतरत्या आहेत आणि तरी २ किंवा ३ च रेटिंग आहे, तर पिक्चर बहुतेक खरंच फालतू आहे, माझ्या भरवशावर जाऊ नका. चौघा-पाचांचं तिकीट, वर पॉपकॉर्न, एवढा खर्च असेल तर माणूस चाचपून बघणारच, त्याबद्दल मी कोणाला नावं ठेवत नाही, दाजींनाही नाही. भुताचे पिक्चर मी बघत नाही, त्यांच्या रेटिंगचं मला विचारू नका. आणि सोबत लहान मुलं असतील तर रेटिंगच्या आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघा. नोव्हेंबर २०२४ पासून यूएमध्येही ७+, १३+, १६+ असे भाग केलेत, ते पालकांनी ठरवायला आहेत, पण ए असेल तर १८ च्या आतल्याला सोडत नाहीत, मग रेटिंग नऊ असो की दहा. आमच्याकडे एकदा सगळं खानदान गाडीतून उतरल्यावर हे गेटवर कळलं. तिकिटं कोणी काढली होती हे लिहायला ताईनं मनाई केलीय.